बिनकॅमेऱ्याची तसवीर

आमच्या दादीची एकही तसवीर नाही. घरात नाही, गावाकडे परंड्यात नाही, कुठल्या सरकारी कागदावरही नाही. मतदार ओळखपत्रासाठी फोटो काढणारी माणसं आमच्या वस्तीत आली होती, तेव्हा सगळा मोहल्ला केस विंचरून रांगेत उभा राहिला. दादी मात्र दारातच बसून राहिली. "फोटू नक्को बावा. कल अल्ला कू जवाब देना है." कारकून समजुतीने म्हणाला, "आजी, फोटोशिवाय कार्ड मिळणार नाही." दादी म्हणाली, "तो कारड बी नक्को." अब्बा चिडले, अम्मी हसली आणि रांग पुढे सरकली.

2004 मध्ये दादी वारली. आज मी डोळे मिटून तिचा चेहरा आठवू पाहते, तर नाकातली फुली आठवते, हनुवटीवरचं हिरवं गोंदण आठवतं, पण हे सगळं एका जागी जुळून येत नाही. माझ्या दोन्ही धाकट्या भावांना तर तेवढंही आठवत नाही.

पण दादीची एक तसवीर होती. म्हणजे तिच्या हाताची. ती कॅमेऱ्याने काढलेली नव्हती, आणि ती मी माझ्या हाताने भंगारवाल्याला विकली. ती हकिगत सांगायची म्हणून हे लिहायला बसले आहे.

अब्बा 1972 च्या दुष्काळानंतर परंड्याहून निघाले ते फिरत फिरत तुर्भ्याच्या दगडखाणींवर येऊन थांबले. तेव्हा नवी मुंबई कागदावर होती. कागदावरचं हे शहर जमिनीवर आणायला जी खडी लागली, ती पारसिकच्या डोंगराच्या कुशीतून निघाली, आणि ती काढणाऱ्यांत माझे अब्बा होते. आमच्या आजूबाजूला सोलापूर, जालना, उस्मानाबाद (आता धाराशिव) असे सगळे जिल्हे होते. म्हणून घरात दखनी, शाळेत उर्दू आणि नळावर मराठी अशा तिन्ही भाषा मला फुकटात मिळाल्या.

अम्मीचे भाऊ, म्हणजे आमचे मामू, वाशीच्या एका इस्पितळात एक्सरेच्या डार्करूममध्ये कामाला होते. आम्हां मुलांना वाटायचं, मामू डॉक्टरच आहेत. त्यांची नखं कायम तपकिरी असायची आणि अंगाला एक आंबूस वास यायचा, शिर्क्यासारखा. तो फिक्सरचा वास. तो अजूनही कुठे आला की मी मागे वळून बघते.

1999 च्या पावसाळ्यात दादी नळावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. एक्सरे काढताना बोटातली चांदीची अंगठी निघेना, हात इतका सुजला होता. शेवटी तशीच ठेवून एक्सरे काढला. मामूंनी ओली फिल्म हँगरसकट बाहेर आणून उजेडात धरली, आणि मी पहिल्यांदा माणसाच्या आतलं माणूस पाहिलं. बोटांची पेरं धुरकट पांढरी, आणि त्यातल्या एका पेराभोवती हवेत तरंगत असावी तशी अंगठी, पांढरीशुभ्र. मांस नाही, कातडी नाही. हाड आणि अंगठी.

पुढे शिकताना कळलं, जगातला पहिला प्रसिद्ध एक्सरेही असाच होता. जर्मनीत रॉन्टगेन यांनी 22 डिसेंबर 1895 रोजी आपल्या बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, त्यातही बोटात अंगठी आहे. सुरुवातीच्या काळात अशा चित्राला 'स्कायाग्राफ' म्हणत. ग्रीक भाषेत 'स्किया' म्हणजे सावली. एक्सरे ही सावलीच असते, फक्त मांसाला न जुमानणाऱ्या किरणांची. मधे भिंग नाही, कॅमेरा नाही. एका बाजूला किरण, दुसऱ्या बाजूला फिल्म, मधे माणूस.

दादीचं प्लास्टर निघालं त्या दिवशी पुन्हा एक्सरे काढायचा होता. संध्याकाळ झाली होती, गर्दी ओसरली होती. दादीचा हात प्लास्टरमध्ये राहून वाळक्या काटकीसारखा झाला होता, अंगठी आता बोटात सैल फिरत होती. मामूंनी आम्हां दोघींना डार्करूममध्ये घेतलं. तसं करायची परवानगी नसणार, पण मामू मामू होते.

आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. मग हळूहळू लाल दिव्यात टाक्या दिसू लागल्या. एक डेव्हलपरची, एक पाण्याची, एक फिक्सरची. डेव्हलपर थंड राहावा म्हणून बाहेरच्या पाण्यात बर्फ टाकलेला. पाच मिनिटांच्या हिशेबाचं घड्याळ भिंतीवर टिकटिक करत होतं. मामूंकडे एक आठ बाय दहाची फिल्म होती, कडेला उजेड लागून वाया गेलेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खालाम्मा, इसपे हात रखो."

"फोटू निकालता क्या रे?"

"फोटू कैसा? कॅमेरा किधर है? मेरे हात में खाली बॅटरी है, देखो." बॅटरी म्हणजे टॉर्च.

दादीने त्या लाल अंधारात खोलीभर नजर फिरवली. कुठे कॅमेरा लपवला आहे का, ते पाहत असावी. "फिर क्या होता?"

"तुमारी छाँव पडेंगी. वो छाँव इसपे रह जायेंगी."

दादी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "छाँव तो दीवार पे बी पडती. उसका काय का गुना?" आणि तिने हात ठेवला. पाची बोटं पसरून, दाबून, जणू कुठे अंगठा उठवते आहे. मामूंनी टॉर्चच्या तोंडावर रुमाल धरला आणि चुटकी वाजवावी तेवढाच वेळ ती पेटवून विझवली. झालं.

फिल्म डेव्हलपरमध्ये गेली. आधी काही नाही. मग हाताच्या भोवतीची जागा राखाडी, मग काळी, मग काजळासारखी काळी झाली, आणि हात मात्र दुधट, सायीसारखा राहिला. फिक्सरमध्ये ती साय विरघळत गेली आणि दादीचा हात काचेसारखा पारदर्शक झाला. मामूंनी फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली, तर काळ्या रात्रीत दादीच्या हाताच्या आकाराची खिडकी उघडली होती. त्या खिडकीतून मला पलीकडे मामूंचा शर्ट दिसत होता. अंगठी मात्र या चित्रात नव्हती. सावलीत बोट आणि अंगठी एकच होतात. करंगळीशेजारच्या बोटाला एक बारीकसा उंचवटा, एवढीच तिची खूण.

दादीने फिल्म हातात घेतली, उलटसुलट केली, आणि तिच्यावर आपला हात ठेवून पाहिला. बरोबर बसला. "हौ, मेरा ईच है," ती म्हणाली.

कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या वस्तूच्या सावलीने असं चित्र काढतात त्याला 'फोटोग्राम' म्हणतात, हे मामूंना ठाऊक नव्हतं. मलाही बी.एड.च्या वर्षी कळलं, तेही पाठ टाचणासाठी प्रकाशावर काहीतरी शोधत असताना. मग कळत गेलं की ही पोरखेळाची गोष्ट नाही, छायाचित्रणाचा उगमच हा आहे. इंग्लंडमध्ये थॉमस वेजवूड यांनी सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि चामड्यावर वस्तू ठेवून त्यांच्या सावल्या उमटवल्या. हम्फ्री डेव्हींनी 1802 मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. चित्र उमटायचं, पण टिकायचं नाही. उजेडात नेलं की राहिलेली पांढरी जागाही काळी पडायची. बिचारे ती चित्रं मेणबत्तीच्या उजेडात बघत आणि पुन्हा अंधारात ठेवून देत. सावली पकडायचं साधलं होतं, राखायचं साधलं नव्हतं. ते साधलं हायपोने. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी 1819 मध्येच नोंदवलं होतं, पण त्याचा चित्रासाठी उपयोग व्हायला 1839 उजाडलं. त्या सुमारास टॅल्बट पानं आणि लेस कागदावर ठेवून उन्हात चित्रं काढत होते. 1843 पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स नावाच्या बाईंनी समुद्रशेवाळांची निळी चित्रं अशीच, कॅमेऱ्याशिवाय, छापून पुस्तक केलं. ती निळी पद्धत हर्शेल यांचीच, 1842 ची, आणि पुढे इंजिनिअर लोकांची 'ब्ल्यूप्रिंट' झाली ती तीच. नवी मुंबईच्या ब्ल्यूप्रिंटबद्दल भाषणं ऐकताना मला ती शेवाळं आठवतात.

आणि हा 'कॅमेरा' शब्द! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोली. आपला 'कमरा' पोर्तुगीजांबरोबर आला, तो त्याच घरातला. म्हणजे कॅमेरा आणि कमरा सख्खे भाऊ. एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्याचे इब्नुल हैसम अंधाऱ्या खोलीच्या छिद्रातून येणारा प्रकाश तपासत होते. त्या खोलीला ते 'अल-बैतुल मुज़लिम' म्हणत, अंधारं घर. 'किताबुल मनाज़िर' लिहिणाऱ्या या माणसाचं नाव आमच्या उर्दू शाळांतल्या भाषणस्पर्धांत दर वर्षी येतं, पण अंधारी खोली कुणी करून दाखवत नाही. मराठीने तर कमालच केली आहे. 'छायाचित्र' हा शब्द कॅमेऱ्याच्या फोटोला देऊन टाकला, आणि जे खरोखर छायेचंच चित्र आहे त्याला शब्दच उरला नाही.

दादीच्या "काय का गुना" या प्रश्नाकडे मात्र परत यायला हवं, कारण माझ्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न जेवणाच्या दस्तरखानावर निघालेला असेल. तसवीर नाजायज आहे असं मानणारे आलिम आपल्याकडे मोठे आणि आदरणीय आहेत. मी त्यांच्याशी वाद घालणारी कोण? पण इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई (निधन 1935) यांनी फोटोवर एक स्वतंत्र रिसाला लिहिला. त्यांचं म्हणणं असं की फोटो म्हणजे काही नवं घडवणं नव्हे, ती 'हब्सुज़-ज़िल्ल', सावलीला कैद करणं आहे, म्हणून त्याला मनाई लागू होत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी ग्रंथालयात एकटीच हसले. परंड्याच्या एका निरक्षर बाईने डार्करूममध्ये उभ्या उभ्या जो निवाडा केला, तो कैरोच्या मुफ्तींच्या शेजारी जाऊन बसला होता. फरक इतकाच की मुफ्तीसाहेब त्या आधारावर कॅमेऱ्यालाही मुभा देतात. दादीने दिली नाही. तिची मुभा हातापुरती, टॉर्चपुरती होती.

आता अब्बांच्या छातीकडे वळते. वळायची इच्छा नाही, पण हाताची गोष्ट छातीशिवाय पुरी होत नाही.

2003 पासून अब्बांना खोकला लागला. पहिला एक्सरे मामूंनीच धुतला. एक्सरे आधी डॉक्टर बघतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आधी डार्करूमवाला बघतो, लाल दिव्यात, ओला असताना. मामू त्या रात्री आमच्याकडे आले, जेवायला बसले आणि न जेवता उठले. काही बोलले नाहीत. दोन्ही फुप्फुसांत खडीच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके होते. दगडाची धूळ आत जाऊन बसली की परत निघत नाही. पुढे नऊ वर्षं दर काही महिन्यांनी एक्सरे निघत गेला आणि ठिपके एकमेकांना मिळत गेले. अम्मी सगळे एक्सरे इस्पितळाच्या एका मोठ्या पिवळ्या लिफाफ्यात ठेवायची. दादीचा मनगटाचा एक्सरे आणि तो हातही त्यातच होता. घरात फिल्म म्हणून जे काही होतं, त्याची जागा तो लिफाफा.

2012 मध्ये अब्बा गेले. दुसऱ्या वर्षी आम्ही तुर्भ्याची खोली सोडून कोपरखैरण्याला भाड्याच्या घरात आलो. आवराआवर मी करत होते. खाली सायकलवर ओरड आली, "पुराना एक्सरेऽ". जुन्या फिल्मांत चांदी असते, म्हणून त्या विकत घेणारे असतात, हे मला मामूंमुळे माहीत होतं. मी तो लिफाफा उचलला. आत डोकावूनही पाहिलं नाही. मला ती फुप्फुसं घरात नको होती. नव्या घरात ती माळ्यावर असतील आणि मी खाली झोपेन, हे मला सहन होणार नव्हतं. त्याने तराजूत टाकलं, पैसे दिले, गेला. किती दिले ते आठवत नाही. त्यातून टेम्पोवाल्याला चहा पाजला, एवढं आठवतं.

हात आठवला तो आठ दिवसांनी. भांडी लावताना हातातला पेला तसाच राहिला.

मामूंना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अब नक्को ढूंढ." मग त्यांनी मला एखाद्या कारागिरासारखं समजावून सांगितलं. फिल्म रसायनात टाकतात. वरचा काळा थर सुटतो. त्यातून चांदी काढतात, ती पुन्हा वितळवतात. खाली उरतं ते स्वच्छ प्लास्टिक, तेही विकलं जातं. फिल्मवर जे काळं दिसतं तीच चांदी असते. दादीच्या चित्रात काळं होतं ते हाताच्या भोवती. हात होता ती जागा तर रिकामीच होती, चांदी हायपोत कधीच वाहून गेलेली. म्हणजे भंगारवाल्याला विकली ती दादीच्या भोवतीची रात्र. या विचाराचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

तोवर इस्पितळातली डार्करूमही बंद झाली होती. एक्सरे संगणकावर येऊ लागले, टाक्या निघाल्या, त्या खोलीत फायली आल्या. मामू निवृत्त झाले. नखांचा रंग जायला मात्र बरीच वर्षं लागली.

मी आता ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूच्या एका उर्दू शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. 2022 मध्ये लॉकडाऊननंतर बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओचं सामान निघत होतं, त्यात ब्लॅक अँड व्हाइट कागदाचे तीन डबे होते. मालक ते फेकायलाच निघाले होते. डब्यांवर 'इंदू' छाप. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा माल. 1960 मध्ये स्थापन झालेला हा कारखाना आपल्या देशाचा फोटोचा कागद आणि एक्सरेची फिल्म दोन्ही बनवायचा. तोही आता बंद. मी डबे उचलले आणि मामूंना फोन केला.

प्रयोगशाळेच्या मागची सामानाची खोली आम्ही निवडली. खिडकीला काळा कागद, दाराखाली जुनी चादर, आणि झीरोचा लाल बल्ब. मामूंनी आधी बल्बची परीक्षा घेतली. कागदाच्या तुकड्यावर रुपयाचं नाणं ठेवून लाल उजेडात पाच मिनिटं ठेवलं आणि मग तो डेव्हलपरमध्ये टाकला. नाण्याचा गोल उमटला, म्हणजे बल्ब चोर होता. लालमधून पांढरं गळत होतं. त्याच्यावर लाल जिलेटीनचा आणखी एक पदर गुंडाळला. दुसऱ्यांदा गोल उमटला नाही. सत्तरीला आलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांनी तो डार्करूमवाला पाहिला.

मुलींनी काय काय आणलं! बांगड्या, कडुलिंबाची डहाळी, किल्ली, केसांची क्लिप, पेन्सिलचं साल, आजोबांचा चष्मा. तसबीहचे मणी. काचेच्या पेल्याने तर सगळ्यांना गप्प केलं. अपारदर्शक वस्तू नुसती पांढरी येते, पण काच प्रकाशाला वाकवते, वळवते, आणि कागदावर पाण्याच्या लाटांसारखं काहीतरी येतं, जे पेल्यात कुठेच नसतं. एकीने पारदर्शक प्लास्टिकवर काळ्या शाईने आपलं नाव लिहून आणलं आणि रेघा ठळक याव्यात म्हणून शाईची बाजू खाली ठेवली. नाव उलटं आलं. उर्दू डावीकडून उजवीकडे चाललेली बघून वर्ग खिदळला. "मिस, हे मराठी माध्यमाचं झालं!" तीस वर्षं डब्यात पडून कागद म्हातारा झाला होता, पांढरं कुठेच धड पांढरं येत नव्हतं, सगळ्यावर राखाडी झाक. मुलींना त्याची तक्रार नव्हती. त्यांनी चांगला कागद पाहिलाच नव्हता.

तक्रार दुसरीकडून आली. 'मिस शाळेत तसवीर काढायला शिकवतात' असं एका पालकाने मोठ्या मिसना कळवलं. मी कडुलिंबाच्या डहाळीचं चित्र घेऊन गेले. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, म्हणाल्या, "यात कुणाला काय हरकत असणार?" आणि पुढे हळूच, "माझी अंगठी ठेवली तर येईल?" मी सांगितलं, येईल, पण नुसता पांढरा गोल येईल.

अशा चित्रांबद्दल बोलताना मला नसरीन मोहम्मदी आठवतात. 1937 मध्ये कराचीत जन्म, लहानपणापासून मुंबई, बडोद्याला शिकवलं आणि 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला निधन. रेघांचीच चित्रं काढणारी ही बाई फोटोही काढायची, कॅमेऱ्याने, पण ते तिने हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. मी ते पुस्तकात पाहिले आहेत. जमीन, कडा, सावल्या. आपल्या समाजातल्या या कलावंताचं नाव आपल्याच मुलींच्या कानावर पडत नाही, म्हणून हे मधेच सांगून टाकलं.

सातवीत एक मुलगी आहे. वर्गाच्या वार्षिक फोटोला ती दर वर्षी गैरहजर असते; घरी चालत नाही. ती दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मिस, हात ठेवला तर?" मी म्हटलं, घरी विचारून ये. माझ्या मनात काय चाललं होतं ते तिला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी ती परवानगी घेऊन आली. दादाजान म्हणाले होते, चेहरा नको, हाताला हरकत नाही.

तिने पाची बोटं पसरून, दाबून हात ठेवला. टॉर्च मी पेटवली. कागद डेव्हलपरमध्ये गेला, भोवती काळं होत गेलं, हात राहिला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हायपो संपला आहे. बाटलीत होता तो सकाळपासून वापरून वापरून मेला होता. आधीच्या दोन चित्रांवर पिवळे डाग पडायला लागले होते. मी त्या मुलीला थांब म्हणू शकले असते. पण घाईत माझंच चुकलं.

मामू म्हणाले, पाण्यात भरपूर धू, अंधारात वाळव, काळ्या कागदात बांधून दे. उजेड लागला नाही तर काही होत नाही. मग मी तिला वेजवूडची गोष्ट सांगितली, मेणबत्तीची. तिने पुडी दोन्ही हातांनी धरली. "म्हणजे मी बघायचं नाही?"

"सोमवारपर्यंत नाही."

रविवारी मी हार्बरने सीएसएमटीला उतरले आणि प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. तिथल्या रसायनवाल्यांकडे हायपोचे खडे किलोवर मिळतात, खडीसाखरेसारखे दिसतात. दुकानदाराने विचारलं, माशांच्या टाकीसाठी का? नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला लोक नेतात म्हणे. मी हो म्हटलं. सगळं कुठे सांगत बसायचं?

सोमवारी मामू माझ्या आधी शाळेत येऊन बसले होते. ती आली. पुडी विज्ञानाच्या पुस्तकात होती.

"उघडली का?"

"एकदाच. रात्री. मोबाइलच्या टॉर्चवर लाल ओढणी धरली होती." मग म्हणाली, "दादाजानना दाखवायची होती."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बोटं तुझ्या अम्मीसारखी आहेत."

तिची अम्मी तीन वर्षांपूर्वी गेली, हे मला हजेरीपटावरून माहीत होतं.

लाल दिव्यात आम्ही पुडी सोडली. कडा राखाडी झाल्या होत्या, अंगठ्याच्या बाजूला जरा जास्तच. मामूंनी कागद चिमट्याने धरून हायपोत सोडला, ट्रे हलवत राहिले आणि म्हणाले, "घडी देख. दस मिनट." ती घड्याळाकडे बघत उभी राहिली.